ओळ क्रमांक ४७

उत्तर नागपुरात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. लोक अजून त्याला ‘सेतू’च म्हणतात. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की दिवसभर आधार, राशन कार्ड, टीसी, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. कोणाच्या नवऱ्यानं टाकून दिलं, कोणाच्या पोराची जात पडताळणी अडली, कोणाला सासऱ्यानं हिस्सा दिला नाही, हे सगळं माझ्या टेबलावर येतं आणि टेबलावरच राहतं. कागदावरच्या चार रकान्यांवरून माणूस कसा ओळखू येतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरीही जून २०२३ मध्ये मी स्वतःची माहिती एका सहीत देऊन टाकली आणि ती परत मिळवायला कित्येक महिने फिरले. पूर्ण मिळाली नाहीच. ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात रक्ताचे नमुने मागायला लोक पुन्हा पुन्हा येणार आहेत, आणि ते यावेत असंच मला वाटतं.

माझी मोठी बहीण सावनेर तालुक्यात दिली आहे. तिचा धाकटा मुलगा सिकलसेलचा, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडूनही आजाराचा जीन आलेला. ज्यांनी हा आजार घरात पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. या मुलांच्या लाल रक्तपेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की दुखणं उठतं. माझ्या भाच्याचं दुखणं उठलं की त्याला अंगावर चादरसुद्धा सहन होत नाही. ताई रात्रभर त्याच्या गुडघ्यांशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली मी पाहिली आहे. पिशवी थंड झाली की उठायचं, पाणी तापवायचं, परत बसायचं.

मी स्वतः एएस, म्हणजे वाहक. मला त्रास काहीच नाही. आईवडिलांपैकी एकाकडून तो जीन आला, दुसऱ्याकडून चांगला आला. माझा नवरा एए, म्हणजे दोन्ही जीन चांगले. आईबाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असला आणि दुसरा एए, तर एसएस मूल होत नाही, फार तर वाहक होतं. एवढं साधं गणित आहे. पण आमच्याकडे त्याला जातीचाही वास लागलेला आहे. विदर्भात हा आजार बौद्धांमध्ये आहे, गोंड-परधान-माडियांमध्ये आहे, तेली-कुणब्यांमध्येही आहे. तरी ‘तो त्या लोकांचा आजार’ असं बोलणारे आजही भेटतात. त्यामुळे घराघरात तोंडं बंद. मुलगा एसएस आहे हे ताईनं तिच्या सासरच्या गावात आजवर सांगितलेलं नाही. ‘पोराले संधिवात हाय’ असं ती म्हणते.

जूनमध्ये जागतिक सिकलसेल दिनाच्या, १९ तारखेच्या, आसपास आमच्या वस्तीतल्या समाजभवनात शिबिर लागलं. शहरातल्या एका संस्थेचा अभ्यास होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. त्याच सुमारास, १ जुलै २०२३ ला, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट. सगळीकडे तीच चर्चा होती. शिबिरातल्या डॉक्टरीण बाईंनी फार चांगलं समजावलं. म्हणाल्या, पुस्तकातलं बरंचसं ज्ञान आफ्रिका-अमेरिकेतल्या रुग्णांवरचं आहे. आपल्याकडच्या जीनची ठेवण वेगळी, आजाराची तीव्रता वेगळी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध आपल्या मुलांना कमी डोसमध्येही लागू पडतं, हे नागपुरातल्या अभ्यासांतूनही दिसलं, आणि त्यासाठी इथल्याच माणसांनी रक्त दिलं होतं. माझा भाचा तेच औषध घेतो. मी लगेच रांगेत उभी राहिले. आजही त्या बाईंच्या बोलण्यातला एक शब्द खोटा होता असं मी म्हणणार नाही.

टेबलामागे बावीस-तेवीस वर्षांची पोरगी टॅब घेऊन बसली होती. वय, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, जात, लग्न नात्यात झालं का, मुलं किती, गर्भपात झाला होता का, घरात कोणाला सिकलसेल आहे का. मागे पन्नास माणसं, डोक्यावर एकच पंखा. मी भराभर उत्तरं दिली. मोठ्या मुलीच्या आधी माझा एक गर्भ पडला होता. ते माझी आई, नवरा आणि मी, तिघांनाच माहीत. तेही सांगितलं. कशाला लपवायचं, वैज्ञानिक काम आहे. घरात कोणाला? बहिणीच्या मुलाला. गाव कोणतं? सावनेर. मग आठ पानांचा संमतीपत्राचा गठ्ठा आला. ‘इथं सही करा ताई, आणि इथं.’ मी शेवटच्या पानावर सही केली. मधलं एक वाक्य तेवढं डोळ्यांसमोरून गेलं होतं, ‘माझ्या जैविक नमुन्याचा भविष्यातील अनिर्दिष्ट संशोधनासाठी वापर’. त्याचा अर्थ विचारावा असं वाटलं, पण मागची बाई म्हणाली, ‘बाप्पा, लवकर करा न!’ जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूब भरल्या. बिस्किटाचा पुडा मिळाला. मी केंद्रावर परत.

खरं सांगायचं तर मी स्वतः रोज हेच करते. स्वयंघोषणापत्र पुढे सरकवते आणि म्हणते, ‘खाली सही करा.’

ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची गर्दी होती. एका दुपारी वस्तीतला ओळखीचा मुलगा आला, शिबिरात स्वयंसेवक होता तो. ‘ताई, या यादीच्या दहा प्रिंट काढून द्या. रिपोर्ट न्यायचे राहिले त्यांना शोधून निरोप द्यायचा आहे.’ त्यांच्या ग्रुपवर आलेली एक्सेल फाइल त्यानं मला पाठवली. रकाने आडवे फार होते, एका पानावर मावत नव्हते, म्हणून मी ते बारीक करायला लागले. नावं नव्हती. नावाच्या जागी नंबर. मला बरं वाटलं, काळजी घेतली म्हणून. मग कर्सर ४७ व्या ओळीवर आला.

स्त्री. ३८. जन्मतारीख. वस्ती. बौद्ध. बी.ए. सेवा केंद्र चालक. अपत्ये २, दोन्ही मुली. गर्भपात १. कुटुंबात एसएस: होय, बहिणीचा मुलगा, सावनेर. निकाल: एएस.

आमच्या वस्तीत सेवा केंद्र चालवणारी बाई एकच आहे.

तो मुलगा समोर उभा होता, मोबाइलमध्ये बघत. त्यानं ती ओळ वाचली होती की नाही, मला आजही माहीत नाही. माझ्या कानांतून वाफा निघाव्यात तसं झालं. मी वर-खाली स्क्रोल केलं. पीठगिरणीवाला. अंगणवाडी सेविका. चार मुली असलेला ऑटोवाला. दहा मिनिटांत अकरा जण मी बिनचूक ओळखले. त्यातला एकजण एसएस होता आणि त्याच्या आईनं मला कधी सांगितलं नव्हतं, तिचा जातीचा दाखला मीच काढून दिला होता तरी. मी त्या मुलाला म्हटलं, प्रिंटर बिघडला आहे. तो बाजूच्या दुकानात गेला.

त्या संध्याकाळी मी टॅबवाल्या पोरीला फोन केला. ती रडायलाच लागली. वरून सांगितलं होतं की उरलेले रिपोर्ट आठवड्यात वाटा. तिनं नाव आणि मोबाइल नंबराचे रकाने काढले होते, ‘मॅडम, मी नाव काढूनच पाठवलं होतं हो.’ तिला मनापासून वाटत होतं की नाव काढलं म्हणजे झालं. स्वयंसेवकांना तर सांगितलंच होतं की वय आणि कामधंद्यावरून वस्तीत विचारा, माणूस सापडेल. म्हणजे ओळखू यावं याच हिशेबानं ती यादी फिरली होती. तिच्यावर मला राग धरता आला नाही. तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. माझ्या भाचीचं जमत आलं होतं, मुलगा नागपूरचाच. मुलाकडच्यांनी अचानक विचारलं, मुलीचं सिकलसेल कार्ड आहे का? तुमच्या घरात पेशंट आहे असं कानावर आलं. आता तपासणीचा निकाल लिहिलेलं ते कार्ड विचारणं मला चुकीचं वाटत नाही. लग्नाआधी कार्ड पाहावं असं सरकारही सांगतं, मीही केंद्रावर येणाऱ्या पोरापोरींना सांगते. पण ते दोघांनी एकमेकांना दाखवायचं असतं. इथं मुलाची तपासणी झालेली नव्हती आणि करायची त्यांची तयारीही नव्हती. मुलगी वाहक निघाली तर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. बातमी त्या यादीतूनच गेली याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण सावनेर आणि बहिणीचा मुलगा, हे दोन शब्द दुसरीकडून जुळणं कठीण आहे.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुले कोणं सांगितलं होतं वं आमचं लिहाले? रक्त तर तुह्यं होतं ना?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सही केली ती एकटीची समजून. पण माझ्या एएस असण्यातच माझी आई किंवा माझे बाबा आले. भाचा एसएस आहे म्हटलं की ताई आणि दाजी दोघंही किमान वाहक आहेत हे कोणीही सांगेल, त्यांची तपासणी न करता. आणि भाचीवर संशयाचं बोट आलं. ती पोरगी तोवर कुठल्याच शिबिरात गेली नव्हती, तिनं कुठं अंगठासुद्धा दिला नव्हता. बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. हे कसं बदलणार? ते माझ्या मुलींच्याही अंगात असू शकतं, त्यांच्या मुलांच्याही.

अर्ज लिहिणं हे माझं रोजचं काम. पण स्वतःसाठी लिहायला बसले तेव्हा कोणाच्या नावानं लिहायचं हेच कळेना. मला संमतीपत्राची प्रत दिलेली नव्हती. ती आधी मागून घेतली. दोन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी मिळाली. वाचली तेव्हा कळलं की सगळं त्यात होतं. सहभाग ऐच्छिक आहे, कधीही माघार घेता येते, माघार घेतली म्हणून उपचारात फरक पडणार नाही. आणि सातव्या पानावर आचारसमितीच्या सदस्य-सचिवांचा पत्ता. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसांवरच्या कुठल्याही आरोग्य-संशोधनाला अशा समितीची मंजुरी लागते. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, कायद्याचा माणूस आणि सामान्य लोकांमधलाही एक सदस्य असावा लागतो. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी तिथं एक खुर्ची राखून ठेवलेली होती आणि मला ते माहीत नव्हतं.

मी चार गोष्टी मागितल्या: माझी काय काय माहिती तुमच्याकडे आहे ते लेखी द्या, ती कोणाकोणाकडे गेली ते सांगा, माझा नमुना नष्ट करा, आणि माझी ओळ काढा. अर्जात सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकालही घातला, नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला तो. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून रजिस्टर एडी केली. पोचपावती चार दिवसांत आली, उत्तर यायला पाच आठवडे लागले.

समितीनं बोलावलं तेव्हा मी नवऱ्याला घेऊन गेले. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, नऊ-दहा माणसं. मुख्य संशोधक डॉक्टर आधी जरा ताठर होते. म्हणाले, डेटा डी-आयडेंटिफाइड होता, म्हणजे ओळख काढून टाकलेला. मी पिशवीतून कागद काढला. त्यावर माझी ओळ हातानं लिहून नेली होती, नंबर सोडून. तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘सर, हे वाचा आणि माझ्या गल्लीत जाऊन विचारा, ही कोण. पानठेल्यावरचा माणूस तुम्हाला घरापर्यंत सोडून देईल.’ कागद हातोहात फिरला. एक वयस्क बाई होत्या, शिक्षिका असाव्यात, त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि डॉक्टरांना विचारलं, ‘व्यवसायाचा रकाना कशासाठी हवा होता?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘खरं तर नको होता. फॉर्ममध्ये होता म्हणून घेतला.’

त्या एका उत्तरासाठी मी त्यांना मानते. त्यानंतर बोलणं सरळ झालं. त्यांनीच मला फरक समजावला, जो शिबिरात कोणी सांगितला नव्हता. नाव काढून नंबर टाकला आणि नंबराची किल्ली वेगळ्या कपाटात ठेवली, तर त्याला कोडेड म्हणतात. किल्ली ज्याच्याकडे आहे तो परत नावापर्यंत जाऊ शकतो. किल्लीच नष्ट केली आणि ओळख पटेल असे रकानेही काढले, तर ते अनामिक. मग सुरक्षित खरं, पण एक अडचण उरते. माझी ओळ कोणती हे त्यांनाही सापडत नाही, म्हणजे मला माघारही घेता येत नाही आणि माझ्या रक्तात काही गंभीर सापडलं तर मला कळवताही येत नाही. हे ऐकून मी विचारात पडले. मला वाटत होतं की जितकं जास्त लपेल तितकं चांगलं. तसं नाही. काय हवं ते ज्याचं त्यानं ठरवायला हवं, आणि ठरवायचं तर आधी सांगायला हवं.

माझा उरलेला नमुना नष्ट केल्याचं पत्र मला फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळालं. मुख्य फाइलमधून ओळ निघाली. जी आकडेवारी आधीच एकत्र करून झाली होती तिच्यातून एक माणूस वेगळा काढता येत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते मला पटलं. त्यांनी फॉर्म बदलला. जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट, व्यवसाय रद्द, गाव रद्द, नातेवाइकांची माहिती वेगळ्या कुलपात. स्वयंसेवकांना यादी देणं बंद झालं, रिपोर्टासाठी आता ज्याला त्याला फोन जातो. पण ग्रुपवरून जी फाइल सत्तर मोबाइलांत उतरली होती ती? सगळ्यांना डिलीट करा असा निरोप गेला. कोणी केली, कोणी नाही, देव जाणे. ती ओळ अजून कुठंतरी असेल.

त्यानंतर मी वाचत गेले. केंद्र बंद केल्यावर रात्री, मोबाइलवरच. लटान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेनं २००० मध्ये दाखवून दिलं होतं की अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक फक्त तीन गोष्टींवरून वेगळे ओळखता येण्यासारखे असतात: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पिनकोडसारखा तिथला पाच अंकी झिप कोड. त्याआधी नव्वदच्या दशकात तिनं नाव काढलेल्या नोंदींमधून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची दवाखान्यातली माहिती शोधून काढली होती. माझ्या ओळीत तर बारा रकाने होते.

आणि हवासुपाई लोकांची गोष्ट वाचली तेव्हा मला आमचं समाजभवनच आठवलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणारी ही छोटी आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजारांचे, नात्यातल्या लग्नांचे आणि जमात मूळची कुठून आली याचे अभ्यास झाले. त्यांना विचारलं नव्हतं. त्यांची श्रद्धा अशी की त्यांचा जन्म त्याच दरीतला, आणि त्यांचंच रक्त वापरून कोणी म्हणत होतं, तुम्ही बाहेरून आलात. २०१० मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर भरपाई देऊन मिटवलं आणि उरलेले नमुने परत केले. ‘भविष्यातील अनिर्दिष्ट संशोधन’ म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

कायद्याचंही पाहिलं. माझी यादी फिरली त्याच ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि बरीचशी कलमं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. त्यात संशोधनाला सूट आहे. अट अशी की ती माहिती त्या माणसाबद्दलचा कुठला निर्णय घ्यायला वापरायची नाही आणि ठरलेले निकष पाळायचे. आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळा वरचा दर्जा नाही. अमेरिकेत आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा कायदा २००८ पासून आहे, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून सध्या तरी भिस्त आचारसमितीवर, आणि सही करणाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नांवर.

मधल्या काळात वस्तीत माझ्याबद्दल बोललं गेलं की हिनं डॉक्टर लोकांशी भांडण केलं, आता शिबिरं बंद होतील. हे मला सगळ्यात जास्त लागलं. सिकलसेलसाठी या शहरात लोकांनी आयुष्यं घातली आहेत. पद्मश्री संपत रामटेके यांनी इथंच पालकांना एकत्र करून काम उभं केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला तेव्हापासून त्या प्रमाणपत्राचे अर्ज माझ्या केंद्रावरही भरले जातात, आणि त्या आयांचे चेहरे मी पाहते. अभ्यास बंद पडले तर नुकसान त्यांचंच. मी भांडले ते अभ्यास नीट चालावा म्हणून. ज्या अकरा जणांना मी त्या दुपारी ओळखलं, त्यांतल्या कोणालाही मी आजवर बोलले नाही. पण त्यांच्यापैकी एकाही माणसानं पुढच्या वेळी ‘आम्हाला नाही द्यायचं रक्त’ म्हटलं, तर दोष त्याचा नसेल.

भाचीचं ते लग्न मोडलं. तिनं नंतर स्वतःहून तपासणी केली, माझ्याबरोबर येऊन. रिपोर्टचा लिफाफा तिनं स्वतः फोडला, वाचला, पर्समध्ये ठेवला. काय आलं ते तिनं मला सांगितलं. मी इथं लिहिणार नाही. ताई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. भाऊबीजेला आली, करंज्या घेऊन. तो विषय निघाला नाही.

यंदा जानेवारीत दुसऱ्या एका अभ्यासासाठी विचारणा झाली. आई किंवा बाप वाहक असेल अशा मुलांचा अभ्यास. मी गेले. या वेळी कागद आदल्या दिवशी घरी मागवला आणि वहीत प्रश्न लिहून नेले. माझ्या ओळीत कोणते रकाने असतील ते मला दाखवा. किल्ली कोणाकडे असते? फाइल कोणाच्या मोबाइलवर जाते का? नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरायचा झाला तर मला फोन कराल का? घरच्या माणसांची माहिती मी द्यायची की त्यांना तुम्ही विचारणार? आणि अभ्यास बंद पडला किंवा पैसे संपले, तर या सगळ्याचं काय? हा शेवटचा प्रश्न मी अमेरिकेतल्या थुंकीवरून वंशावळ सांगणाऱ्या कंपनीचं वाचून लिहिला होता. २०२३ मध्ये तिच्याकडच्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मग लोकांना प्रश्न पडला की आता आपली थुंकी कोणाच्या मालकीची.

समोरच्या तरुण डॉक्टरनं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दोनदा ‘विचारून सांगतो’ म्हणाला आणि आत जाऊन खरंच विचारून आला. संमतीपत्रात या वेळी चौकटी होत्या, प्रत्येक गोष्टीला वेगळी. या अभ्यासासाठी रक्त: हो. दुसऱ्या सिकलसेल अभ्यासासाठी: हो, पण आधी विचारून. इतर कुठल्याही संशोधनासाठी: नाही. नातेवाइकांची माहिती: नाही. प्रत्येक चौकटीसमोर मी आद्याक्षरं केली. पाऊण तास लागला. मागे कोणी उभं नव्हतं.

मग मोठीचा कागद आला. ती पंधरा वर्षांची आहे. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी सोप्या भाषेत वेगळं पत्र असतं. आईबापानं संमती दिली तरी मुलाची स्वतःची लेखी तयारी लागते. नवऱ्यानं आणि मी आधीच ठरवलं होतं की हो म्हणायचं. डॉक्टरनं पेन तिच्यापुढे धरलं. मी सवयीनं म्हणून गेले, ‘खाली सही कर, बेटा.’

तिनं पेन घेतलं नाही. दोन्ही पानं उलटून पाहिली, एका ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, ‘आई, इथं लिहिलंय की माझा रिपोर्ट तुला सांगतील. मला आधी सांगणार की तुला?’ डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरकडे. मग ती म्हणाली, ‘मी घरी नेऊन वाचते. सोमवारी सांगते.’ तिनं कागदाची घडी घातली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. आम्ही बाहेर पडलो. मेडिकल चौकात उभ्यानं संत्र्याचा रस प्यायलो आणि घरी आलो.